पाळीच्या आधी चार दिवस डाग पडतोय आणि दिवस राहत नाहीयेत

अगं, तू फार संकोचत लिहिलंस, "मॅडम असलं विचारावं की नाही कळत नाही" म्हणून. माझी स्वतःची मुलगी तुझ्याच वयाची आहे, त्यामुळे अगं-तुगं करते, राग मानू नकोस. सांगलीत 26 वर्षं बायकांचा दवाखाना चालवतेय, आणि आठवड्यात किमान तीन-चार जणी हाच प्रश्न घेऊन येतात, फक्त विचारताना दाराकडं बघत विचारतात.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात सांगते. वय 29, पलूसकडची, लग्नाला अडीच वर्षं झाली, सात महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी 28 दिवसांनी येते पण गेले पाच महिने पाळीच्या आधी चार दिवस चॉकलेटी डाग पडतो आणि मग खरी पाळी. या वेळी 10 जुलैला डाग दिसला, 14 जुलैला पाळी आली. सासूबाई म्हणतात गर्भ धरतोय पण उष्णतेनं टिकत नाही, मैत्रीण म्हणते बाळ रुजताना असाच डाग पडतो, आणि मेडिकलवाल्यानं हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, त्या घ्यायच्या का.

गोळ्या आत्ता घेऊ नकोस, ड्रॉवरमध्ये ठेव, का ते पुढं सांगते. आधी एकच गोष्ट विचारते. तू पाळीचा पहिला दिवस कुठला धरतेस, 10 तारीख की 14? तुझ्या मेसेजमध्ये शेवटी एक वाक्य आहे, "बाराव्या ते पंधराव्या दिवशी आम्ही प्रयत्न करतो", आणि त्याच्या आधी लिहिलंयस की 21 ते 24 जुलै हे दिवस धरलेत. म्हणजे तू 10 पासून मोजतेयस. सगळा घोटाळा यातच असेल असं मी म्हणत नाही, पण निम्मा तरी यातच आहे बघ.

आपल्याकडं हे असं का होतं तेही मला माहिती आहे. घरात देवाधर्माचं बघतात, त्यामुळं डाग दिसला की बाई बाजूला, देवघरात जायचं नाही, आणि त्या दिवसापासून चार दिवस मोजायचे. मग ती तारीख घरात सगळ्यांच्याच डोक्यात बसते, बाईच्याही. ती मोजणी घरच्या रिवाजाची झाली, त्यावर मी काही बोलत नाही, ज्याचं त्यानं बघावं. पण शरीराची मोजणी वेगळी आहे. ज्या दिवशी ताजं लाल जातंय, पॅड लावावंच लागतं, पॅड ओलं होतंय, तो पहिला दिवस. नुसता पुसल्यावर दिसणारा, चड्डीला लागणारा चॉकलेटी डाग हा मागच्याच महिन्यात धरायचा, नवीन महिना त्यानं सुरू होत नाही.

आता तुझ्या तारखा लाव. पहिला दिवस 14 जुलै. 28 दिवसांची पाळी असेल तर बीज, म्हणजे बाईचं अंडं, साधारण चौदाव्या दिवशी फुटतं, म्हणजे 27 जुलैच्या आसपास. बीज फुटल्यावर ते जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून बीज फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि फुटायचा तो दिवस असे सहाच दिवस महिन्यात कामाचे असतात, आणि त्यातही शेवटचे दोन-तीन सगळ्यात भारी. तुझे ते 25, 26, 27 जुलै येतात. तू 24 ला थांबतेयस. डाग पडायला लागल्यापासून पाच महिने प्रत्येक वेळी ऐन वेळेच्या आधीच तुमचं थांबणं होत असेल तर दिवस न राहण्यात तुझ्या गर्भपिशवीचा काय दोष गं.

या महिन्यापासून 22 ते 28 जुलै एक दिवसाआड जवळ या, रोज आलात तरी हरकत नाही. त्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव दिसतो, बऱ्याच जणी त्याला "पांढरं जातंय" म्हणून औषध मागायला येतात, पण तो आजार नाही, ती बीज फुटायची वर्दी आहे. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं, त्यावर दोन्ही रेघा सारख्या गडद आल्या की पुढच्या एक-दीड दिवसात बीज फुटेल असं समजायचं. पण पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास, असेल तर ते किट फसवतं, म्हणून त्याच्यावरच विसंबून राहू नकोस.

आता डाग पडतो कशानं ते सांगते, कारण हे एकदा नीट समजलं की निम्मी भीती जाते. बीज फुटतं त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडते आणि त्या हार्मोनवर पिशवीचं अस्तर धरून राहतं. नवीन घर बांधताना गिलाव्यावर पाणी मारतात ना, पाणी मारायचं लवकर थांबवलं की कुठंतरी भेग पडते, कुठं पापुद्रा सुटतो, तसंच हे. दिवस राहिले नाहीत तर ती गाठ 12 ते 14 दिवसांत सुकते, हार्मोन खाली येतं आणि अस्तर पडतं, ती पाळी. हार्मोन एकदम खाली न येता हळूहळू उतरलं की अस्तराची कड आधी सुटते, थोडंसं रक्त येतं, ते सावकाश बाहेर येईपर्यंत जुनं होतं आणि चॉकलेटी दिसतं. म्हणून पाळीच्या आधी एखादा दिवस, फार तर दोन दिवस असा डाग पडणं हे पुष्कळ बायकांना होतं आणि त्यांना व्यवस्थित मुलंही होतात. तुझे चार दिवस आहेत आणि ते दर महिन्याला आहेत, म्हणून मी "काही नाही, सोडून दे" म्हणणार नाही, पण "गर्भ टिकत नाही" असंही म्हणणार नाही.

सासूबाईंचं आणि मैत्रिणीचं दोघींचंही एकत्रच सांगते. अमेरिकेत 1980 च्या दशकात एक अभ्यास झाला, 221 बायकांनी बाळासाठी प्रयत्न करताना रोज सकाळची लघवी जमा करून ठेवली आणि तिच्यातून दिवस कधी राहिले ते दिवसागणिक काढलं. त्यात असं दिसलं की जे गर्भ टिकले त्यातले बहुतेक बीज फुटल्यापासून आठव्या, नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी रुजले होते. आणि सुरुवातीला ज्यांना थोडंफार रक्त दिसलं त्यांना ते रुजायच्या नेमक्या दिवशी क्वचितच दिसलं, बहुतेकींना पाळीच्या तारखेच्या आसपास दिसलं. म्हणजे "रुजताना डाग पडतो" हे जे सगळीकडं ऐकायला मिळतं ते इतकं ठोस नाही. डागाचा रंग बघून, तो गुलाबी का चॉकलेटी यावरून, दिवस राहिलेत का नाही हे मीही सांगू शकत नाही, 26 वर्षं झाली तरी. ते फक्त टेस्टच सांगते.

आणि गर्भ धरून पडतोय का, तर पाच महिने डागामागं नेहमीसारखी पाळी वेळेवर येतेय, एकदाही टेस्ट पॉझिटिव्ह नाही, मग असं म्हणायला आधार काय? उष्णतेचं म्हणशील तर पिकलेल्या पपईच्या चार फोडी खाल्ल्यानं किंवा तिळाचा लाडू खाल्ल्यानं असा डाग पडत नाही. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांच्या काळात त्यांना जे कुणी सांगितलं तेच त्या मायेनं सांगतायत, पण तो अपराध स्वतःच्या डोक्यावर घेऊन झोपू नकोस, एवढं माझं ऐक.

डाग कधी पडतो यावरच सगळं आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी तासगावकडची एक मुलगी आली होती, तक्रार हीच, पाळीच्या आधी डाग. आधी दोन ठिकाणी दाखवून आलेली, हार्मोनचे कोर्स झालेले, फरक शून्य. मी तिला म्हटलं, दोन महिने फक्त लिहून आण. ती पुढच्या वेळी स्वयंपाकघरातलं कालनिर्णयच काढून घेऊन आली, त्याच्यावर दुधाचा हिशोब, गॅस सिलेंडरची तारीख आणि मध्ये मध्ये पेन्सिलनं बारीक ठिपके. मी ठिपक्यांवरनं बोट फिरवलं तर काय, बहुतेक सगळे ठिपके रविवारी आणि सोमवारी. मी विचारलं मालक कुठं असतात? तर म्हणाली पुण्यात कंपनीत, शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातात. म्हणजे तो पाळीच्या आधीचा डाग नव्हताच, तो संबंधानंतरचा डाग होता. तपासलं तर पिशवीच्या तोंडाशी लाल चेरीएवढा कोंब, आम्ही त्याला पॉलिप म्हणतो. पाच मिनिटांत काढला, तपासणीला पाठवला, साधाच निघाला. तिनं जर ते ठिपके मारले नसते तर मीही कदाचित तिसरा हार्मोनचा कोर्सच लिहून दिला असता.

म्हणून तूही लिही. कॅलेंडरवर डागाला एक ठिपका, पाळीला गोल, संबंधाला बरोबरची खूण, पोटात दुखलं तर फुली. मोबाईलमधलं ॲप चालेल, पण ॲपमध्ये डाग "पाळी" म्हणून टाकू नकोस, नाहीतर तेही चुकीचेच दिवस दाखवणार.

लिहिलेलं वाचायचं कसं, तर संबंधानंतरचा डाग असेल तर पिशवीचं तोंड बघायलाच पाहिजे, तिथं सूज, इन्फेक्शन, कोंब काहीही असू शकतं आणि पॅप टेस्टही, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, करून घ्यायची. महिन्याच्या मध्यावर, बीज फुटायच्या वेळी एखादा दिवस ठिपका असेल तर तो बहुधा निरुपद्रवी. कधीही, कुठल्याही दिवशी डाग पडत असेल तर आतला कोंब, गाठ, नाहीतर बीज वेळेवर न फुटणं याचा विचार करते. आणि बीज फुटल्यापासून दहा दिवसांच्या आतच खरी पाळी सुरू होत असेल तर तो पाळीचा मागचा टप्पा आखूड पडतोय, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन), एकदम घटलेलं वजन, अंगावर पाजत असणं, असल्या गोष्टी बघायच्या.

तुझ्या मेसेजमधली एक गोष्ट मला जास्त टोचली. तू ओझरतं लिहिलंयस, "पाळीत दुखतं पण ते सगळ्यांनाच दुखतं". सगळ्यांना तसं दुखत नाही गं. पाळीत संडासला बसताना कळ येते का, संबंधात आत खोल दुखतं का, पेनकिलर घेतल्याशिवाय पाळी निघतच नाही का, हे तीन प्रश्न स्वतःला विचार. यातलं एक जरी हो असेल तर एंडोमेट्रिओसिस डोक्यात ठेवावा लागतो, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं, ते. 2014 च्या एका अभ्यासात मूल होत नसलेल्या बायकांमध्ये पाळीआधी दोन किंवा जास्त दिवसांचा डाग आणि एंडोमेट्रिओसिस यांचा चांगलाच संबंध दिसला होता. साध्या सोनोग्राफीत तो प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखण्याचं डॉक्टरांना तोंडानं सांगावं लागतं. तू नाही सांगितलंस तर आम्हाला कळणार कसं.

आपल्या भागात अजून एक गोष्ट विसरून चालत नाही, पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी. पाळी हळूहळू कमी होत गेलेली, बारीक ताप, वजन उतरलेलं, किंवा घरात कुणाला टीबी झालेला असेल तर सांगायचं. लाजण्यासारखं काही नाही, त्याला औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

गोळ्यांचं आता. हार्मोनच्या गोळ्या दोन-तीन प्रकारच्या असतात आणि मेडिकलवाला त्यातली कुठली देतो ते तुला कळत नाही. गौरी-गणपतीला, लग्नकार्याला पाळी पुढं ढकलायच्या ज्या गोळ्या घेतात त्या बाळासाठी नाहीतच, उलट त्या घेऊन सोडल्यावर महिनाभर तारखा इकडच्या तिकडं होतात आणि डागही पडतो. आणि प्रोजेस्टेरॉनची गोळी बीज फुटायच्या आधीच सुरू केली तर बीज फुटणंच अडू शकतं, म्हणजे बाळासाठी घेतलेली गोळीच बाळाच्या आड येते. बीज फुटल्याची खात्री करून नंतर दिली तर ती काहींना देतो आम्ही, डाग थांबतोही, पण डाग थांबला म्हणजे दिवस राहायची शक्यता वाढली असं नसतं, नैसर्गिक पाळीत तिचा तेवढा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत डाग म्हटलं की प्रोजेस्टेरॉन लिहून मोकळी व्हायचे, तेव्हा शिकवलंच तसं होतं. आता आधी कारण शोधते. तसंच संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती आय-पिलसारखी गोळी मागच्या काही महिन्यांत कधी घेतली असशील किंवा कुणी गाठोड्यातलं औषध दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यानंही डाग पडतो.

तपासण्या फार नाहीत, कुणी मोठं पॅकेज सांगितलं तर आधी विचार, कशासाठी. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट. प्रोलॅक्टिन सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून द्यायचं, धावत एसटी पकडून येऊन लगेच सुई टोचली तर ते उगाच वाढलेलं येतं. आतून करायची सोनोग्राफी पाळी थांबल्या थांबल्या, म्हणजे तुझी 19 ते 23 जुलैच्या दरम्यान, तेव्हा अस्तर पातळ असतं आणि कोंब असला तर स्पष्ट दिसतो. बीज फुटलं का ते बघायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करतात. सगळे "एकविसाव्या दिवशी" म्हणतात पण ते 28 दिवसवालीलाच लागू पडतं, आणि पहिला दिवस चुकीचा धरला तर तेही चुकणार. तुझी पुढची पाळी 11 ऑगस्टला धरली तर ही तपासणी 4 ऑगस्टच्या आसपास. थायरॉइड निघालाच तर त्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा-एक तास, आणि ती बाळाला बाधत नाही, उलट गरजेची असते, घाबरून बंद करायची नाही.

आणि मालकांची वीर्य तपासणी याच महिन्यात. याला फाटे फोडू नका. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, एवढंच आहे, सुई नाही का काही नाही. कितीतरी बायका वर्ष-दोन वर्षं सोनोग्राफ्या, इंजेक्शनं करून थकतात आणि मग कळतं की नवऱ्याचा रिपोर्ट कुणी केलाच नव्हता. मावा, तंबाखू खात असतील तर सोडायला सांग, त्यानं शुक्राणूंवर परिणाम होतो. घरची द्राक्षबाग असली आणि ते स्वतः फवारणी करत असतील तर मास्क, हातमोजे घालून करायची आणि घरी आल्यावर आधी आंघोळ, काही कीटकनाशकांचा वीर्यावर परिणाम होतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या माव्याचा फायदा दिवाळीच्या आसपास दिसेल.

पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न करून मग तपासण्या सुरू करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. पण दर महिन्याला चार दिवस डाग आणि वर दुखणं असेल तर वर्ष भरायची वाट बघायची नाही, म्हणून तुला आत्ताच बोलावतेय. फॉलिक ॲसिड मात्र आजपासूनच सुरू कर, रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. दुकानात बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमची गोळी देतात, ती सगळ्यांना लागत नाही, शुगर किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर वेगळं, ते डॉक्टर ठरवतील.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ते. डाग पडला आणि पाळी नेहमीसारखी आलीच नाही, नुसतंच थोडंथोडं जात राहिलं, तर ती पाळी आली असं समजून बसायचं नाही. टेस्ट करायची. जतकडची एक बाई आमच्याकडं बेशुद्ध अवस्थेत आणली होती. तिला तारखेला चार दिवस नुसते डाग पडले, तिनं धरलं पाळी झाली, पंधरा दिवस उजव्या बाजूला दुखत होतं तर अपेंडिक्स म्हणून कुणीतरी गोळ्या दिल्या, आणि एका सकाळी भाकऱ्या थापताना ती चुलीपुढंच कोसळली. शुद्ध आल्यावर म्हणत होती खांदा दुखतोय, खांदा दुखतोय. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटभर रक्त साठलं होतं, आणि पोटातलं रक्त वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. रात्री तीन बाटल्या रक्त देऊन ऑपरेशन केलं, वाचली, नळी गेली. तीच गोष्ट दोन आठवडे आधी कळली असती तर कदाचित नुसत्या इंजेक्शनवर भागलं असतं.

टेस्टची पट्टी मेडिकलमध्ये स्वस्त मिळते, आणि आशाताईकडं सरकारी निश्चय किट फुकट असतं, ती मागायला लाजू नकोस. सकाळची पहिली लघवी, तारीख चुकल्या दिवशी, तुझ्या हिशोबानं 11 ऑगस्टला. त्याच्या आधी चार-चार पट्ट्या वाया घालवून रडत बसू नकोस, लवकर केलेली टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी आली नाही तर दोन-तीन दिवसांनी परत. पॉझिटिव्ह आली आणि डाग चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बीटा एचसीजी, म्हणजे गर्भाच्या हार्मोनची रक्ततपासणी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधी सांगायचं, काही वेळा अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिकार तयार होऊ नये म्हणून. आणि एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर, घाम, खांदा दुखणं, तासाला पॅड भरणं यातलं काही असेल तर रात्र आहे, पाऊस आहे, मालक घरी नाहीत, असलं काही बघायचं नाही, 108 ला फोन करायचा.

तर 19 जुलैनंतर सोनोग्राफीला जा, जवळच्या कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडं चालेल, माझ्याकडंच यायला पाहिजे असं नाही. जाताना कालनिर्णयची मागच्या महिन्यांची पानंही घेऊन जा, आठवतील तेवढे ठिपके आजच मारून ठेव, आणि 10 जुलैवरचा गोल खोडून 14 वर कर.